गप्प झालेला ड्रम

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री पाऊस झाला आणि आमच्या खालच्या तुकड्यातले द्राक्षाचे मणी तडकले. तासगाव तालुक्यात राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. साखर भरलेल्या मण्यावर पाणी पडलं की साल टिकत नाही, दुपारी ऊन पडलं की तडा उघडतो, तिसऱ्या दिवशी त्यातून रस गळायला लागतो आणि चिलटांचे थवे येतात. व्यापारी बांधावरूनच परत गेला. बेदाण्यालाही तो माल चालत नाही. रॅकवर टाकला की घड एकमेकांना चिकटतात, काळे पडतात.

आमचा आठ जणींचा बचत गट आहे. द्राक्षाचं व्हिनेगर करायचं दोन वर्षं मनात होतं. परवान्यांची कागदपत्रं झाली होती, शेडमध्ये फरशी बसली होती, फक्त माल वाया घालवायची हिंमत होत नव्हती. पावसाने तो प्रश्न सोडवला. मी ह्यांना म्हटलं, "खालच्या तुकड्यातलं जे निवडून निघेल ते मला द्या."

व्हिनेगर दोन टप्प्यांत होतं. आधी रसातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं, मग त्या अल्कोहोलचं जिवाणू हवेच्या मदतीने आंबट आम्ल करतात. दुसऱ्या टप्प्याबद्दल मला भीती नव्हती, तो लोणच्यासारखा संथ असतो. पहिला टप्पा आठवड्याभरात होतो आणि बिघडला तर तेवढ्यातच बिघडतो. साखर अर्धी राहिली तर आंबटपणा तेवढा कमी उतरतो आणि पुढे बाटलीत पुन्हा फसफसायला लागतं. म्हणून रस नीट आंबतोय की नाही, हे कळणं हाच सगळा खेळ. तो मला कळत नव्हता, आणि कळत नाही हेही सुरुवातीला कळलं नव्हतं.

निवडून, सडका मणी न मणी काढून, दोन ड्रम भरले. ड्रम खाण्याच्या मालाचे, पन्नास लिटरचे. एक नवा आणि एक गेल्या वर्षी काकवीसाठी घेतलेला. घड हातानेच कुस्करले. ह्यांचा रिफ्रॅक्टोमीटर बागेतून आणून काचेवर थेंब टाकला, दोन्हींचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, १८. आमच्याकडे हे यंत्र घरोघरी आहे. बाग काढणीला आली की नाही, बेदाण्याला साखर पुरेशी भरली की नाही, सगळं त्यावर ठरतं. माझा त्यावर घड्याळाइतका विश्वास होता.

यीस्टची पाकिटं भाच्याने पुण्याहून पाठवली होती. तो तिथे एका ठिकाणी बिअर बनवतो. त्याने यीस्टबरोबर रस किती जड आहे ते दाखवणारा एक काचेचा हायड्रोमीटर आणि उंच नळकांडंही पाठवलं होतं. पहिल्या दिवशी मी ते वापरलं, आकडा आला १.०७४, आणि मग पुन्हा पेटीत ठेवून दिलं. त्याला प्रत्येक वेळी ग्लासभर रस लागतो, रिफ्रॅक्टोमीटरला एक थेंब पुरतो. शेतकऱ्याच्या घरात कोण ग्लासभर वाया घालवेल?

दहा-दहा ग्रॅम यीस्ट कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून ड्रममध्ये टाकलं, वरून धुतलेलं मलमल बांधलं. नवा ड्रम उत्तरेच्या भिंतीला, कडुलिंबाच्या बाजूला ठेवला. जुना पश्चिमेच्या पत्र्याला लागून. जागा तशी होती म्हणून. ह्या एका गोष्टीचं पुढे काय झालं ते येईलच.

पहिले अठरा तास काहीच नाही. मी रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन पाहिलं. भाच्याने आधीच सांगितलं होतं की यीस्ट आधी आपली संख्या वाढवतं, मग कामाला लागतं, दिवसभर शांत राहिलं तरी घाबरू नका. पण सांगितलेलं आणि पाहिलेलं वेगळं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडचं दार उघडलं आणि वास बदललेला होता. पावाच्या बेकरीसमोरून जाताना येतो तसा, त्यात द्राक्षाचा. सगळ्या साली वर येऊन वीतभर जाड थर झाला होता आणि त्याच्या फटींतून फेस येत होता. कान लावला की आतून सुरसुर ऐकू यायची, सोडा ओतल्यावर ग्लासात येते तशी. दिवसातून दोनदा मोठ्या रवीने तो थर खाली दाबायचा, नाहीतर वरच्या साली सुकतात आणि तिथे चिलटं बसून आंबट करतात. तो थर फोडला की गॅस इतक्या जोराने वर यायचा की तोंड बाजूला घ्यावं लागायचं. बंद शेडमध्ये हे करू नये. तो कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साठतो. आम्ही दोन्ही दारं उघडी ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या ड्रममधून सडक्या अंड्याचा वास आला. आमच्यातली एक जण म्हणाली, "गेलं हे, फेकून द्या." मी भाच्याला फोन लावला.

"मामी, त्या मालावर गंधक कधी मारलं होतं?"

मी आठवलं. त्या कोपऱ्यातल्या ओळींवर भुरी दिसली म्हणून ह्यांनी पाऊस येण्याआधी गंधकाची एक जास्तीची फवारणी घेतली होती. नव्या ड्रममध्ये वरच्या ओळींचा माल होता, त्यावर ती नव्हती.

"मग ते कुजलेलं नाही. गंधक रसात गेलं की यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं. यीस्टला नत्र कमी पडलं तरी असा वास येतो. ग्लासभर काढा, त्यात घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार फिरवा, मग वास घ्या."

पंपाच्या वायरचा तुकडा सोलून, चिंचेने घासून फिरवला. वास गेला. म्हणजे रोग ओळखू आला. उपाय म्हणून दोन-तीन वेळा रस एका बादलीतून दुसरीत उंचावरून ओतला, हवेवर वास उडाला. तांब्याच्या भांड्यात मात्र ओतायचं नाही. ताक-चिंच आपण तांब्यात का ठेवत नाही तेच कारण. आणि नत्र हवं म्हणून गोदामातलं डीएपी टाकायचा मोह कुणाला झाला तर कृपा करून करू नये. ते खत आहे. यीस्टसाठी खाण्यायोग्य दर्जाचं वेगळं मिळतं.

वासाचं एक लक्षात ठेवलंय. अंड्याचा वास आला तर वाचवता येतं. नखांचं पॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास आला तर मी वाचवायला जात नाही. ह्या दोन ड्रमशिवाय एका पाच लिटरच्या बरणीत मी यीस्ट न घालता, सालीवरच्या आपसूक यीस्टवर रस ठेवला होता. चौथ्या दिवशी तिच्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा सुरकुतलेला पापुद्रा आला आणि तो पॉलिशचा वास. ती बरणी मी उकिरड्यावर ओतली. हळहळ वाटली, पण दोन ड्रम शेजारीच होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साली गाळून काढल्या. प्रत्येक ड्रममध्ये पंचवीस लिटरच्या आसपास रस राहिला. झाकणं लावली, झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. आतला गॅस बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बिअरवाले ह्याच कामासाठी वळणदार छोटं नळकांडं वापरतात.

आणि इथून माझी चूक सुरू झाली. मी बुडबुडे मोजायला लागले.

जुना ड्रम बोलत होता. दुपारी स्वयंपाक आवरून मी शेडमध्ये जायचे तेव्हा दर वीस-पंचवीस सेकंदांनी त्याच्या बाटलीत एक टपोरा बुडबुडा फुटायचा. नवा ड्रम गप्प. पहिल्या रात्री थोडी हालचाल दिसली होती, चौथ्या दिवशी सकाळपासून काहीच नाही. पाचव्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटर लावला. जुना ड्रम १०, नवा ड्रम ६. सहाव्या दिवशी पुन्हा १० आणि ६.

मी वहीत लिहिलं ते आज वाचते तेव्हा माझी मलाच काळजी दिसते: "नवा ड्रम ६ वर अडकला. यीस्ट मेलं असावं. जुना चालू आहे, हळू आहे." म्हणजे माझ्या हिशेबाने उत्तरेचा ड्रम आजारी आणि पश्चिमेचा तब्येतीत. उरलेलं यीस्टचं पाकीट मी नव्या ड्रममध्ये टाकायला भिजवलंसुद्धा होतं. सोबत किलोभर साखर टाकावी, म्हणजे यीस्टला जोर येईल, असंही एकीने सुचवलं.

हे सगळं चालू असताना आबा, माझे सासरे, शेडमध्ये एकदाही आले नव्हते. आबा माळकरी आहेत. चाळीस वर्षं पंढरीची वारी केलेला माणूस. त्यांनी विरोध केला नव्हता. व्हिनेगर म्हणजे काय हे त्यांना नीट सांगितलं होतं आणि मधला टप्पा काय असतो हेही लपवलं नव्हतं. ते म्हणाले होते, "तुमचं काम स्वच्छ असंल तर मला काही म्हणायचं न्हाई." पण त्यांचा मान म्हणून मी आणि आमच्या गटातल्या सगळ्याजणींनी ठरवलं होतं की त्या रसाचा थेंबही जिभेला लावायचा नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी नाक, कान, डोळे आणि यंत्र वापरत होते. जीभ सोडून.

यीस्ट भिजत ठेवून मी भाच्याला फोन केला, किती टाकू विचारायला.

त्याने आधी विचारलं, "मामी, सहा हा आकडा कशावर आला?"

"रिफ्रॅक्टोमीटरवर."

"मग थांबा. काहीही टाकू नका."

मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याच पद्धतीने सांगते, कारण मला ते बिअरच्या उदाहरणानेच कळलं. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही, रसातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजतो. ताज्या रसात तो वळतो बहुतेक साखरेमुळे, म्हणून बागेत आकडा बरोबर येतो. पण रस आंबला की त्यात अल्कोहोल येतं, आणि अल्कोहोलही पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वळवतं. यंत्राला फरक कळत नाही, ते त्यालाही साखर समजून आकडा वाढवून दाखवतं. "आमची साधी बिअर बारा ब्रिक्सला सुरू होते. पूर्ण तयार झाल्यावर त्यावर रिफ्रॅक्टोमीटर धरला तर सहाच्या आसपास दाखवतो. नवीन पोरं दरवेळी तेच म्हणतात, अर्ध्यावर अडकली म्हणून. हायड्रोमीटर टाकला की १.०१० येतो आणि बिअर झालेली असते."

हायड्रोमीटर प्रकाश बघत नाही, तरंगतो. गोड रस जड असतो, त्यात तो वर राहतो. साखर संपत जाते तसा तो बुडत जातो. साधं पाणी म्हणजे १.०००. बिअरमध्ये धान्यातून आलेले काही घटक यीस्टला खाताच येत नाहीत, म्हणून ती एकच्या थोडी वरच थांबते. द्राक्षातली साखर मात्र जवळजवळ सगळी खाल्ली जाते आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून द्राक्षाचा आकडा एकच्या खाली जातो. जाऊ शकतो नव्हे, जायलाच हवा.

मी पेटीतून हायड्रोमीटर काढला. भाच्याने फोनवर थांबून एकेक पायरी करून घेतली. नमुना नळकांड्यात घ्यायचा, हलवून त्यातला गॅस घालवायचा, कारण बुडबुडे काचेला चिकटले की ते हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त येतो. हायड्रोमीटरला एक गिरकी द्यायची म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. आणि तापमान बघायचं: आमचा हायड्रोमीटर २० अंशांना बनवलेला, तासगावात मार्चमध्ये वीस अंश कुठून आणणार? मी नळकांडं माठातल्या गार पाण्यात धरून जमेल तेवढं निववलं आणि उरलेल्या अंशांसाठी त्याने आकड्यात थोडी भर घालायला सांगितली. गरम रस पातळ असतो, त्यात आकडा कमी दिसतो.

नवा ड्रम: ०.९९६.

मी तो आकडा तीनदा वाचला. गप्प ड्रम मेला नव्हता. त्याचं काम झालं होतं. आणि मी त्यात यीस्ट आणि किलोभर साखर ओतणार होते.

जुना ड्रम: १.०२३.

"आता खरं सांगा मामी, जुना ड्रम बुडबुडे पहाटे किती काढतो?"

मला माहीत नव्हतं. मी रोज दुपारीच जात होते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठून चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर पाटावर बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एकही बुडबुडा नाही. उलट बाटलीतलं पाणी नळीत थोडं वर चढलेलं. आठ वाजता पत्र्यावर ऊन आलं, नऊला पहिला बुडबुडा फुटला. दुपारी दोनला पुन्हा वीस-पंचवीस सेकंदांचा ठेका. संध्याकाळी परत शांत.

ते आंबणं नव्हतंच. रसात विरघळलेला गॅस ऊन लागल्यावर बाहेर पडत होता आणि झाकणाखालची हवा तापून फुगत होती. गार झाली की आक्रसत होती. मी चार दिवस पत्र्याचं ऊन मोजत बसले होते. आणि नवा ड्रम गप्प का होता? झाकण उघडून पाहिलं तर रबरी वायसर एका बाजूला दुमडलेला. गॅस तिथूनच निसटत होता, नळीपर्यंत येतच नव्हता. गॅस सगळीकडून जातो, सोपी वाट शोधतो. नवा ड्रम आहे म्हणून झाकण घट्टच असणार, हे मी गृहीत धरलं होतं.

पण जुना का अडकला? भाच्याने विचारलं, ड्रमच्या आत तापमान किती गेलं होतं. मी शेडचं लिहिलं होतं, ३३. आतलं नाही. त्याच्याकडे बिअर १८ ते २० अंशांना ठेवतात, थंड पाणी फिरणाऱ्या टाक्यांत. आंबणारा रस स्वतःही उष्णता सोडतो. जोरात चालला की बाहेरच्या हवेपेक्षा आत पाच-सहा अंश जास्त सहज होतात. त्यात माझा ड्रम पश्चिमेच्या पत्र्याला टेकलेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी फेस बघून मी खूश होते त्याच दिवशी, आतलं तापमान चाळिशीला भिडलं असावं. पस्तिशीच्या पुढे बहुतेक यीस्ट हैराण होतं, आणि अल्कोहोल वाढत असेल तर आणखी लवकर. जोरात चाललंय म्हणजे छान चाललंय असं मला वाटलं होतं.

तरी माझी खात्री पटेना. आकडा एक दिवसाचा होता. त्याने सांगितलं की बिअर झाली की नाही हे ठरवायला ते तीन दिवस लागोपाठ आकडा घेतात, तीनही सारखे आले तरच थांबली म्हणायचं. मग झाली की अडकली, हे तो आकडा कुठे थांबला त्यावरून. मी तीन दिवस घेतले. नवा ०.९९६, ०.९९६, ०.९९६. जुना १.०२३, १.०२३, १.०२३. दोघंही थांबलेले. एक पोचून, एक वाटेत.

ह्या तीन दिवसांतच माझी मुलगी सांगलीहून आली. ती बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी करते. तिने दोन्ही ड्रमचे नमुने छोट्या बाटल्यांत नेले आणि तिच्या सरांच्या परवानगीने कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग थेंबभर टाकतात. जिवंत यीस्ट तो रंग आत टिकू देत नाही, बिनरंगी दिसतं. मेलेलं निळं होतं. तिने फोनवर फोटो पाठवला. जुन्या ड्रमच्या फोटोत बहुतेक गोल निळे होते. मधूनमधून एखादा काचेसारखा स्वच्छ. त्या फोटोकडे मी बराच वेळ बघत राहिले. एवढा गोंधळ, वास, बुडबुडे, आकडे, आणि खरं काय ते त्या निळ्या ठिपक्यांत. मुलीने सांगितलं की १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील गावात बीटच्या रसापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराचे हौद बिघडत होते आणि लुई पाश्चरने असेच चांगल्या-वाईट हौदांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. चांगल्यात गोल यीस्ट, बिघडलेल्यात त्याहून बारीक काड्यांसारखे जीव. आमच्या जुन्या ड्रममध्ये काड्या नव्हत्या. म्हणजे रस नासलेला नव्हता, फक्त कामकरी मेले होते.

त्या संध्याकाळी आबा पहिल्यांदा शेडच्या दारात आले. मी त्यांना सगळं सांगितलं, रिफ्रॅक्टोमीटर, हायड्रोमीटर, निळे ठिपके. ते ऐकत होते. मग म्हणाले, "अगं पोरी, गोड हाय का न्हाई एवढंच बघायचं व्हतं न्हवं? मग जिभंला लावून का न्हाई बघितलंस?"

मी गप्प बसले. काय सांगणार?

ते समजले. म्हणाले, "गुऱ्हाळावर गुळव्या हजार लिटरच्या काहिलीला बोटावर चाटून पारखतो. औषध जिभंला लावून बघितलं म्हणून माळ तुटत न्हाई. चूळ भरून टाक, झालं."

मी दोन चमचे घेतले. नव्या ड्रमचा थेंब आंबटसर, कोरडा, गोडीचा मागमूस नाही. जुन्याचा थेंब जिभेवर टेकताच गोड. लपलेला नव्हे, उघड गोड. चूळ भरली. सहा दिवस मी जो प्रश्न यंत्रांना विचारत होते त्याचं उत्तर दोन चमच्यांत होतं. आकड्याशिवाय किती ते कळलं नसतं, हे खरं. पण कोणता ड्रम आजारी, एवढं पहिल्याच दिवशी कळलं असतं.

जुना ड्रम वाचवायचा ठरवला. आधी तो उत्तरेच्या भिंतीला नेला, ओली गोणपाटं गुंडाळली, समोर पंखा लावला. दुसऱ्या सकाळपर्यंत आतलं तापमान २६ वर आलं. भाचा म्हणाला, कोरडं यीस्ट सरळ त्यात टाकलं तर मरेल. आत आधीच अल्कोहोल आहे, साखर कमी आहे, अशा ठिकाणी नवखा टिकत नाही. विरजण लावावं तसं लावा, हळूहळू सवय करत.

मग मी भिजवलेल्या ताज्या यीस्टला थोडं साखरपाणी दिलं. फेस आल्यावर त्यात अर्धा लिटर जुन्या ड्रममधला रस. थांबले. पुन्हा फेस आला, वर बारीक कडा दिसली, मग एक लिटर. मग दोन. मग पाच. प्रत्येक वेळी आधीचं चालू झाल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. ह्यात दीड दिवस गेला आणि रात्रीतून दोनदा उठले. शेवटी ते सगळं ड्रममध्ये ओतलं.

त्यानंतरचं वहीतलं पान आमच्या गटात सगळ्यांनी पाहिलंय. १.०२३. १.०१९. १.०१४. १.००९. १.००४. रोज एक आकडा, रोज पहाटे सहा वाजता, नमुना निववून. ह्या वेळी मी नळीची बाटली काढूनच टाकली होती. ड्रमच्या तोंडावर नुसतं मलमल आणि सैल झाकण, गॅस वर येत असतो तोवर हवा आत फारशी शिरत नाही. बुडबुडा दिसला की डोळा तिकडे जातो, म्हणून तो दिसूच नये असं वाटलं. आकडा १.००४ वर आल्यावर नळी परत लावली, कारण आता गॅस मंदावणार होता.

आबा आता रोज सकाळी काकड्याहून आल्यावर दारातूनच विचारायचे, "आज किती?" मी सांगायचे. एकला गाठलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "पाण्याइतकं झालं म्हणायचं?" मी म्हटलं, "अजून खाली जाईल, आबा." ०.९९८ वर तीन दिवस थांबला. नव्या ड्रमएवढा खाली गेला नाही. चमचा जिभेला लावला, गोडी नव्हती.

दुसऱ्या टप्प्याचं थोडक्यात. उकळून गार केलेलं पाणी घालून दोन्ही रस जवळपास सहा टक्के अल्कोहोलवर आणले, आधीच्या छोट्या प्रयोगातली व्हिनेगरची साय, म्हणजे त्या जिवाणूंचा थर, विरजण म्हणून घातली, रुंद तोंडाच्या भांड्यांत मलमलखाली अडीच महिने ठेवलं. इथे उलट आहे, हवा हवी. पहिल्या टप्प्यात जी हवा अडवत होतो तीच आता मोकळी सोडायची. जूनमध्ये मुलीने आम्लता मोजून दिली. नव्या ड्रमचं ५.२ टक्के, जुन्याचं ४.६. आंबवून केलेल्या व्हिनेगरला आपल्याकडे किमान ३.७५ टक्के लागते. जुन्याच्या वासात अगदी मागे काहीतरी शिजल्यासारखं आहे, त्या तापलेल्या दोन दिवसांचं. लोणच्यात कळत नाही. मला कळतं.

ह्या वर्षी शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याला आतून थर्माकोल लावलाय आणि दोन्ही ड्रमच्या आत थर्मामीटर आहे. रिफ्रॅक्टोमीटर ह्यांना बागेत परत दिला. यीस्ट घालायच्या आधी एकदा मागून आणते. झाकणांचे वायसर नवे आहेत. शेडच्या खिळ्याला एक चमचा आणि चूळ भरायला तांब्या टांगलाय, तो आबांनीच आणून दिला.